गिरणीवाल्याचे सोंग

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रांस्वा ग्वँ नावाचा एक तरुण फ्रेंच अध्यापक जर्मन भाषा शिकण्याच्या उद्देशाने हँबुर्गला जाऊन राहिला, आणि लॅटिन व ग्रीक या भाषा ज्या मार्गाने साध्य झाल्या त्याच मार्गाने हीही साध्य होईल अशा विश्वासाने त्याने एक व्याकरण, त्यातल्या २४८ अनियमित क्रियापदांसह, दहा दिवसांत मुखोद्गत केले. एवढी शिदोरी बांधून तो एका व्याख्यानाला जाऊन बसला; त्याला एक शब्दही कळला नाही. मग त्याने ८०० धातू पाठ केले, आणि तेही निष्फळ ठरल्यावर प्रत्यक्ष शब्दकोशच हाती घेऊन महिन्याभरात ३०,००० शब्द घोकले. डोळे अधू होण्याची वेळ आली; परंतु समोरचा माणूस बोलू लागला की त्या राशीतला एकही शब्द हाकेला धावून येत नसे. अशा रीतीने पराभूत होऊन तो मायदेशी परतला तेव्हा त्याला असे आढळले की, आपण जाताना ज्याला धड बोलता येत नव्हते असा घरातला एक तीन वर्षांचा मुलगा मधल्या काळात, कोणाच्याही शिकवणीवाचून, फ्रेंच भाषेत अस्खलित गोष्टी सांगू लागला आहे.

या मुलाला एके दिवशी त्याच्या आईने धान्य दळण्याची पाणचक्की पाहावयास नेले. (संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली असेल त्यांना, पडत्या पाण्याच्या बळावर फिरणारा तो दगड पाहून लहान मूल किती हरखून जाईल, हे सांगावयास नको.) घरी आल्यावर तो काही वेळ अगदी गप्प होता, नंतर जो भेटेल त्याला त्याने चक्कीची सारी हकीकत पुनःपुन्हा सांगितली, आणि तेवढ्यानेही समाधान न होता त्याने जवळच्या ओहोळावर एक लहानशी चक्की मांडून घेतली, इवल्या पिशव्या शिववून घेऊन त्यांत वाळू भरली, त्या खांद्यावर घेऊन ओझ्याने वाकल्यासारखा चालत तो चक्कीपाशी गेला, त्या ओतल्या, पुन्हा भरल्या, आणि हे सारे करीत असताना प्रत्येक कृतीचे वाक्य मोठ्याने उच्चारीत राहिला. ग्वँच्या असेही ध्यानी आले की त्या वाक्यांत मुलाचा भर क्रियापदावर पडतो आहे. ज्या विद्येसाठी आपण डोळे पणाला लावले ती हा मुलगा वाळूच्या पिशव्यांनी मिळवतो आहे, असा साक्षात्कार त्याला तेथे झाला, आणि १८८० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने त्यावर एक अध्यापनपद्धती उभारली. मी दाराकडे चालतो, मी दारापाशी येतो, मी कडी धरतो, मी दार उघडतो, अशी कृतींची साखळी गुरूने करून दाखवावी, बोलून दाखवावी, आणि शिष्याने ती तशीच करावी व बोलावी, असे या पद्धतीचे स्वरूप होते.

पद्धती गाजली, आणि शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा ती शतपटीने चांगली होती यात संशय नाही. तथापि त्या ओहोळाकाठच्या खेळातून ग्वँने क्रम तेवढा उचलला आणि गिरणीवाला तेथेच सोडून दिला, असे मला नेहमी वाटत आले आहे. तो मुलगा पिशवी उचलण्याच्या क्रियेचे वर्णन करीत नव्हता. तो गिरणीवाला झाला होता. ओझे जड होते, धान्य लोकांचे होते, पीठ वेळेवर द्यावयाचे होते, आणि या सगळ्या जबाबदारीमुळे त्याला ती वाक्ये लागत होती. भाषेची वाक्ये प्रथम लागावी लागतात. लागली म्हणजे ती येतात. दार उघडण्याची साखळी म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला दारापलीकडे कोण उभे आहे हे ठाऊक नसते, म्हणून त्याच्या तोंडी वाक्य येते पण त्या वाक्याला पत्ता नसतो. वर्गात सोंग आणण्याचे, म्हणजेच ज्याला शिक्षणशास्त्रात भूमिकाभिनय अथवा नाट्यीकरण म्हणतात त्या उपक्रमाचे, सारे प्रयोजन हा पत्ता पुरवण्यात आहे.

आपल्या मुलांना हे कोणी शिकवावे लागत नाही. घर-घर, दुकान-दुकान, शाळा-शाळा, डॉक्टर-डॉक्टर, चोर-शिपाई अशी खेळांची जोडनावे मराठीत परंपरेने चालत आली आहेत, आणि भातुकलीच्या बोळक्यांपुढे बसलेली पाच वर्षांची मुलगी पाहुण्याला आग्रह करताना जी भाषा वापरते ती तिची रोजची भाषा नसून तिच्या आजीची असते. हातवारे आजीचे, हेल आजीचा, आणि ‘अजून अर्धी पोळी तरी’ हे आर्जवही आजीचेच. हीच मुलगी पुढे शाळेत बाकावर बसली म्हणजे ‘आग्रह’ या शब्दाचा अर्थ एका वाक्यात लिहिते.

माझा स्वतःचा पहिला प्रयोग साफ फसला होता, आणि तो कसा फसला हे सांगणे येथे उपयोगी पडेल. मी बाजाराचा एक संवाद सुरेख अक्षरात लिहून काढला, गिऱ्हाईक व भाजीवाली अशा दोन विद्यार्थ्यांना तो पाठ करावयास दिला, आणि टोपली, तराजू, नोटा अशी सर्व सामग्री मांडून वर्गापुढे त्यांना उभे केले. चौथ्या वाक्याला गिऱ्हाईक अडले. भाजीवालीला त्याला काय म्हणावयाचे आहे हे पूर्णपणे कळत होते, वांगी तिच्या हातात होती, तरीही ती स्तब्ध उभी राहिली. कारण तिचे पाचवे वाक्य त्याच्या चौथ्या वाक्यावाचून निघू शकत नव्हते. त्या क्षणी मला उमगले की या दोघांजवळ टोपली आहे, तराजू आहे, पण देवघेव नाही. मी त्यांना भूमिका न देता दोन पाठांतरे दिली आहेत.

दुसऱ्या खेपेस मी संवाद लिहिलाच नाही. गिऱ्हाइकाच्या हाती एक चिठ्ठी दिली: घरी सहा पाहुणे आले आहेत, खिशात ५० रुपये आहेत, आणि हे भाजीवालीला कळता कामा नये. भाजीवालीच्या हाती दुसरी: सायंकाळ झाली आहे, उद्यापर्यंत पालेभाजी टिकणार नाही, पण सकाळी ज्याला चढ्या भावाने जुडी विकली तो शेजारी अजून जवळच रेंगाळतो आहे. दोघांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहिल्या नव्हत्या. पुढची दहा मिनिटे जे संभाषण झाले त्यात व्याकरणाच्या चुका मोजता येणार नाहीत इतक्या होत्या, पण अडून कोणीही राहिले नाही. कारण प्रत्येकाला समोरच्याकडून काहीतरी काढून घ्यावयाचे होते आणि स्वतःकडचे काहीतरी लपवावयाचे होते. सिंधुदुर्गातले व गोव्यातले दशावतारी कलावंत पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले आहेत. त्यांच्याजवळ लिखित संहिता नसते. रंगपटात कथानक आणि प्रवेशांचा क्रम ठरतो, आणि नंतर राजा, राक्षस, ऋषी रंगभूमीवर समोरच्याचे बोलणे ऐकून आपले बोलणे तेथल्या तेथे घडवतात. आमच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत परदेशी पद्धतींची नावे असतात त्या पानांवर या मंडळींचाही उल्लेख असावयास हवा होता.

आता मराठी भाषेच्या अध्यापनापुरता हा विषय अधिक जवळून पाहू. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या व सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे मुंबईसारख्या शहरात एकाच वर्गात हिंदी, गुजराती, तमिळ, बंगाली अशा घरभाषांची मुले मराठीचा धडा उघडून बसतात. त्यांना जे अवघड जाते ते बहुधा शब्दसंग्रहात नसतेच. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद घ्या. ऐकणाऱ्याला वगळून बोलावयाचे तर आम्ही, त्याला सामील करून घ्यावयाचे तर आपण; नियम एका ओळीचा आहे, फळ्यावर लिहिता येतो, आणि लिहून काहीही होत नाही. हिंदीभाषक मुलाजवळ दोन्हींसाठी एकच ‘हम’ असते. एका तासाला मी चार मुलांना एका सोसायटीचे रहिवासी केले: तिघे जुने, भेळ आणावयास निघालेले, आणि चौथी त्याच दिवशी राहावयास आलेली शेजारीण. हिंदीभाषक मुलाने मोठ्या आपुलकीने तिच्याकडे वळून सांगितले, ‘‘आम्ही भेळ खाणार आहोत.’’ ती मुलगी तमिळ घरातली. तमिळमध्ये हा भेद आहे, गुजरातीतही आहे. तिला त्या वाक्याचा अर्थ बरोबर लागला, आणि ती तोंड फिरवून बाकाच्या टोकाला जाऊन बसली. मुलगा गोंधळला. आपण तर बोलावले, मग ही रुसली का, हे त्याला कळेना. आणि त्या मुलीनेच, भूमिका न सोडता, ‘‘तुम्ही खाणार, मग मी काय करू?’’ असे विचारले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो माझ्या फळ्यावरच्या ओळीने वर्षभरात पडला नव्हता.

तू, तुम्ही आणि आपण यांचेही असेच आहे. आईला ‘तू’ म्हणणारे मूल शिक्षिकेला ‘तुम्ही’ म्हणते, वयाने मोठ्या मोलकरणीला ‘मावशी’ म्हणून ‘तुम्ही’ म्हणावे हे त्याला घरून शिकवावे लागते, एसटीच्या वाहकाला ‘दादा’ म्हटले की सुट्या पैशांचा तंटा सौम्य होतो, आणि देवाला मात्र आपण निःशंक ‘तू’ म्हणतो. या व्यवस्थेचे कोष्टक करता येत नाही, कारण ती शब्दांची व्यवस्था नसून माणसांमधल्या अंतराची आहे, आणि ते अंतर एकाच संभाषणात वाढते व कमी होते. भांडण सुरू झाले की ‘तुम्ही’चे ‘तू’ होते. कधी उलट होते, आणि रोजच्या ‘तू’च्या जागी एकदम थंड ‘तुम्ही’ येते, जे अधिक झोंबते. भूमिका दिली की मुलाला हे अंतर पायाखाली जाणवते.

क्रियापदाच्या लिंगाचा एक लाभ मला अनपेक्षितपणे हाती लागला. तमिळमध्ये ‘मी’ म्हणणारी व्यक्ती पुरुष की स्त्री हे क्रियापदावरून कळत नाही, गुजरातीत वर्तमानकाळी कळत नाही. मराठीत मात्र ‘जातो’ किंवा ‘जाते’ म्हटल्यावाचून सुटका नसते. वर्गातला मुलगा वर्षभर फक्त स्वतःविषयी बोलतो, म्हणून त्याला अर्धेच रूप सवयीचे होते. तो आत्याबाई झाला आणि मुलगी फौजदार झाली की दोघांनाही दुसरे रूप वापरणे भाग पडते, आणि हे घोटून घेण्यासाठी अभ्यासपुस्तिकेतल्या रिकाम्या जागा भरण्याची गरज उरत नाही.

शिक्षकाने स्वतः भूमिका घ्यावी की बाहेर उभे राहावे, हा प्रश्न जुना आहे. माझा कौल स्वच्छपणे पहिल्या बाजूला आहे, आणि तो डॉरथी हीथकोट या इंग्रज अध्यापिकेच्या उदाहरणाने पक्का झाला. ही बाई यॉर्कशरची. चौदाव्या वर्षापासून लोकरीच्या गिरणीत मागावर काम करणारी. (आमच्या भाषेत पिठाची आणि कापडाची या दोन्हींना गिरणीच म्हणतात, म्हणून तिचे नाव निघाले की मला ग्वँच्या घरातला तो मुलगा आठवतो.) पुढे नाट्यशिक्षण घेऊन ती न्यूकॅसलला अध्यापक झाली आणि २०११ साली तिचे निधन होईपर्यंत जगभरच्या शिक्षकांनी तिच्यापासून दोन गोष्टी घेतल्या: शिक्षकाने खेळात उतरावे, आणि उतरताना शहाण्याची भूमिका न घेता गरजूची घ्यावी, जेणेकरून जाणकारपणाची वस्त्रे मुलांच्या अंगावर चढतील. मी एकदा आजारी आजीच्या समाचाराला आलेला पाहुणा झालो आणि उठताना मुद्दाम म्हणालो, ‘‘बरं आहे आजी, जातो मी.’’ बाकावर निजलेली आठवीतली आजी ताडकन उठून बसली आणि म्हणाली, ‘‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं!’’ वर्गातल्या निम्म्या मुलांना हा संकेत ठाऊक नव्हता. त्यांनी कारण विचारले. आजीने आपल्या परीने दिले. तेथून दुकान बंद न करता ते वाढवतात, दिवा विझवत नाहीत तर मालवतात, अशी अशुभ टाळणाऱ्या शब्दांची सारी परंपराच मुलांनी एकमेकांपुढे मांडली. पाहुणा खुळा निघाल्यामुळे हे झाले. गुरुजी म्हणून मी तेच सांगितले असते तर ते वहीत गेले असते.

वरच्या इयत्तांसाठी मला सर्वांत फलदायी ठरलेला खेळ म्हणजे पंचनामा. मराठी गद्याचा फार मोठा भाग दरबारी कागदांतून घडला आहे. फिर्याद, कैफियत, जबानी, दाखला, हुकूम, मुदत, मुद्देमाल हे फारसी अंमलात रुजलेले शब्द आजही चावडीपासून न्यायालयापर्यंत चालतात, आणि तरीही शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी साधा अर्ज करावयाचा म्हटले की घाम फुटतो. या भाषेचे सोंग आणता येते हे संत एकनाथांनी सोळाव्या शतकातच दाखवून दिले होते. भारुडांतून ते जोशी झाले, गोंधळी झाले, वासुदेव झाले, आणि ‘अर्जदस्त’ या रचनेत तर त्यांनी सरकारदरबारी गुजरायच्या अर्जाचीच फारसीमिश्रित भाषा उचलून तीत परमार्थ सांगितला. पैठणच्या या थोर पंडिताला प्रत्येक धंद्याची बोली त्या त्या माणसाच्या आतून बोलता येत होती, आणि भूमिकेतून भाषा शिकवू पाहणाऱ्याने ती भारुडे याच दृष्टीने एकदा वाचावीत.

खेळ असा: मधल्या सुटीत एका डब्यातली पुरणपोळी नाहीशी झाली आहे. एक फिर्यादी, एक संशयित, दोन साक्षीदार, एक हवालदार, एक लेखनिक आणि दोन पंच. साक्षीदारांच्या चिठ्ठ्यांत दोन तपशील परस्परविरोधी ठेवावेत; एकाने पाहिले तेव्हा घंटा झाली होती, दुसऱ्याच्या मते नव्हती. हवालदार प्रश्न विचारतो, लेखनिक जबानी उतरवून घेतो, आणि शेवटी सर्वांसमक्ष पंचनामा लिहिला जातो: घटनास्थळाच्या चतुःसीमा, डब्याचे वर्णन, झाकण उघडे होते की लावलेले, पोळीचा तुकडा कोणत्या दिशेला पडलेला. येथे मुलांना प्रथमच कळते की ‘मला वाटते’ हे वाक्य या कागदात चालत नाही. ‘दिसून आले’ म्हणावे लागते, आणि जे दिसले नाही ते लिहिता येत नाही. सदर, उपरोक्त, येणेप्रमाणे, समक्ष या शब्दांवर एरवी कंटाळ्याने जांभया देणारा वर्ग ‘सदर पोळी’ कोठे लिहावे आणि ‘ती पोळी’ कोठे, यावर तावातावाने वाद घालतो. मग दुसऱ्या दिवशी त्याच लेखनिकाने तीच हकीकत घरी आजीला सांगावयाची. कालच्या ‘दिसून आले’चे आज ‘अगं, काय सांगू’ होते, आणि एकच घटना दोन भाषांत सांगितली म्हणजे त्या दोन्ही भाषा हाताला लागतात.

पंच आणि लेखनिक या भूमिकांचा आणखी एक उपयोग आहे. लाजाळू मुलाला एकदम नायक करू नये. त्याला अशी भूमिका द्यावी की जिच्यात ऐकणे हेच काम आहे आणि शेवटी दोनच वाक्ये बोलावयाची, पण त्या दोन वाक्यांवाचून खेळ पुरा होऊ शकत नाही. शिवाय लाजाळूपणावर सोंग हे स्वतःच एक औषध आहे. चूक झाली तर ती हवालदाराची, माझी नव्हे, हा आडोसा मुलाला मिळतो. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेले मूल कागदाचा मुखवटा लावल्याबरोबर बोलू लागते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी हे अतिशयोक्तीने लिहितो आहे असे वाटणार नाही.

या विचाराची वंशावळ लांब आहे. मोराव्हियातला निर्वासित धर्मगुरू व शिक्षणचिंतक कोमेनियस १६५० ते १६५४ या काळात हंगेरीतल्या शारोशपाटाक येथे शाळेची घडी बसवीत होता. लॅटिन शिकवण्यासाठी एक हजार वाक्यांचे पाठ्यपुस्तक त्याने पूर्वीच, १६३१ साली, लिहिले होते आणि त्याचा लौकिक युरोपभर झाला होता. पण मुले ते वाचून कंटाळतात असे पाहून त्याने त्याच मजकुराची आठ नाटके केली, आणि मुलांनी शेतकरी, कारागीर, वैद्य होऊन आपापल्या विद्येची नावे व क्रिया लॅटिनमध्ये बोलून दाखवल्या. सहकाऱ्यांना धर्मनिष्ठ शाळेत नाटक हे पाप वाटत होते. प्रयोग पाहून त्यांतल्या पुष्कळांचा विरोध मावळला. इकडे मावळात शिवाजी महाराज स्वराज्याची जुळवाजुळव करीत होते तो हा काळ. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या सॉम्पटिंग या खेडेगावच्या शाळेत हॅरिएट फिनले-जॉन्सन या मुख्याध्यापिकेने बहुतेक सगळे विषय मुलांनी स्वतः रचलेल्या नाट्यांतून शिकवले, आणि तिचा एक आग्रह मला फार मोलाचा वाटतो: हे नाट्य करणाऱ्यांसाठी आहे, पाहणाऱ्यांसाठी नाही. आमच्याकडे गिजुभाई बधेका यांनी भावनगरला पडदे, पोशाख व पाठांतर यांवाचूनच्या बालनाट्याचा पुरस्कार केला, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. स्नेहसंमेलनाच्या धास्तीने महिनाभर तालमी घेणाऱ्या शाळांनी फिनले-जॉन्सन आणि गिजुभाई या दोघांचेही म्हणणे ऐकावे. प्रेक्षक आला की मूल समोरच्या माणसाशी बोलणे सोडून अंधाराशी बोलू लागते.

‘साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमणार’, असा आक्षेप प्रत्येक शिबिरात निघतो, आणि तो प्रामाणिक असतो. परंतु हिशेब मांडून पाहावा. ४० मिनिटांच्या तासात ६० मुलांना एकामागून एक बोलावयास लावले, आणि शिक्षक एक अक्षरही बोलला नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ४० सेकंद येतात. त्याच मुलांचे चार-चारांचे १५ गट केले आणि चिठ्ठ्या वाटण्यात व शेवटच्या चर्चेत २० मिनिटे घालवली, तरी उरलेल्या २० मिनिटांत प्रत्येकाला पाच मिनिटे बोलावयास मिळतात. गलका होतो हे खरे. भाजीबाजारातही गलका असतो, आणि तेथे भाषा उत्तम चालते.

चुका केव्हा सुधाराव्यात, याविषयी माझा नियम कडक आहे: खेळ चालू असता कदापि नाही. शिक्षकाने कागदावर टिपून ठेवावे, खेळ संपल्यावर कोणाचे नाव न घेता पाच-सहा वाक्ये फळ्यावर लिहावीत, वर्गाकडून ती नीट करून घ्यावीत आणि तोच खेळ भूमिका बदलून पुन्हा खेळवावा. दुसऱ्या खेळीत जी सुधारणा दिसते ती खरी असते. पहिल्या खेळीत मध्येच थांबवून केलेली सुधारणा मुलाला फक्त गप्प करते. मुले घरभाषेत घसरली तरी घाबरू नये. त्यासाठी जुन्या काळच्या दुभाष्याला खेळात आणावे: गावाहून आलेल्या आजीला तमिळच येते, डॉक्टरला मराठीच येते, आणि मधल्या मुलाने दोघांचे बोलणे एकमेकांना पोचवावयाचे. ज्या भाषेसाठी त्याला एरवी दटावले जाते तीच येथे त्याची पात्रता ठरते.

एका बाबतीत मात्र शिक्षकाने डोळ्यांत तेल घालून जागे राहावे. भूमिका वाटताना कोणाला काय मिळते हे मुले विसरत नाहीत. सावळ्या मुलाला दर वेळी राक्षस आणि मुलींना दर वेळी स्वयंपाक देणारा शिक्षक भाषेच्या तासाला भाषेपलीकडचे काहीतरी शिकवीत असतो. ज्या मुलीची आई खरोखरच भाजी विकते तिच्यासमोर भाजीवालीच्या हेलाची नक्कल करून वर्ग हसला, तर त्या दिवशीचा धडा तिने जन्मभर लक्षात ठेवला असे समजावे. गावंढळ बोली म्हणजे विनोदी पात्र ही आमच्या रंगभूमीची व चित्रपटांची जुनी खोड आहे. वर्गात तिला थारा देऊ नये. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणारा न्यायाधीश असावा, वैद्य असावा, कलेक्टर असावा. आणि खेळ संपल्यावर प्रत्येकाने टोपी, काठी, चष्मा टेबलावर ठेवून स्वतःचे नाव मोठ्याने सांगावे, म्हणजे भांडण करणारा सासरा आणि आठवीतला मुलगा हे दोघे वेगळे होतात.

एका तासापुरत्या सोंगाहून पुढची पायरी फ्रान्समध्ये गाठली गेली. परदेशी विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकवण्याच्या संशोधनात गुंतलेल्या फ्रान्सिस देबीझेर यांनी, जॉर्ज पेरेक यांच्या १९७८ च्या पॅरिसमधल्या एका इमारतीवरच्या कादंबरीपासून स्फूर्ती घेऊन, सबंध वर्गाने मिळून एक काल्पनिक इमारत वसवण्याची कल्पना विकसित केली, आणि १९८६ साली ती पुस्तकरूपाने मांडली. प्रत्येक विद्यार्थी एक रहिवासी; त्याचे नाव, वय, धंदा, खोलीतले सामान, शेजाऱ्यांशी संबंध, सारे त्यानेच ठरवावयाचे; मग महिनोन्‌महिने त्या इमारतीत पत्रे येतात, भांडणे होतात, लग्ने ठरतात.

हे वाचल्यावर माझ्या मनात पॅरिसची इमारत क्षणभरही उभी राहिली नाही. उभी राहिली ती गिरणगावातली चाळ. आमच्या वर्गाच्या मागल्या भिंतीवर आम्ही तीन मजल्यांची, वीस खोल्यांची चाळ कागदावर काढली, आणि दोन-दोन मुलांचे एक याप्रमाणे बिऱ्हाडे मांडली. एका खोलीत तेलुगू विणकर, दुसरीत रत्नागिरीहून आलेली खाणावळवाली, तिसऱ्या मजल्यावर निवृत्त पोस्टमन. वर्षभरात त्या चाळीने जेवढे मराठी लिहवून घेतले तेवढे कोणत्याही पाठ्यपुस्तकाने माझ्या मुलांकडून लिहवून घेतले नाही: पाणी न आल्याची महापालिकेकडे तक्रार, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा जमाखर्च, भाडे थकल्याची नोटीस व तिला दिलेले उत्तर, खाणावळवालीच्या मुलीची लग्नपत्रिका, पोस्टमनच्या निधनानंतर त्याच्या भावाला पाठवलेले सांत्वनाचे पत्र. हे शेवटचे पत्र लिहिताना पोस्टमन झालेला मुलगा शेजारीच बसला होता, आणि पत्रात आपली कोणती आठवण असावी हे तोच सांगत होता.

मार्चमध्ये खोल्या रिकाम्या करावयाच्या होत्या, कारण जूनमध्ये नवी मुले येणार होती. मुलांनी आपणहून ठरवले की सामान न्यावे पण खोली तशीच सोडू नये, आणि प्रत्येक बिऱ्हाडाने पुढच्या भाडेकरूसाठी दारावर एक चिठ्ठी लावली. नळाला पहाटे पाच ते सहा पाणी असते. खिडकीची डावी कडी सैल आहे, जोराने ओढू नका. सात नंबरच्या आजींना ‘जातो’ म्हणू नका. तिसऱ्या मजल्यावर पोस्टमनकाका राहत होते. त्यांच्या नावाचे पत्र आले तर परत पाठवू नका, खाणावळवाल्या मावशींकडे द्या, त्या वाचून ठेवतील.